‘मी निःपक्षपाती राहीन’ : ज्यूररचा शब्द आणि कायद्याचे गृहीतक

२९ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील ज्यूरीने गिलेन मॅक्सवेल हिला सहापैकी पाच आरोपांवर दोषी ठरवले. जेफ्री एपस्टीन या अमेरिकी धनाढ्यासाठी अल्पवयीन मुली जाळ्यात ओढणे आणि त्यांच्या लैंगिक शोषणाला हातभार लावणे, असे ते आरोप होते. निकालाला आठवडाभर होतो न होतो तोच ज्यूरीतील एका सदस्याने वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या. न्यायालयाच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘ज्यूरर क्रमांक ५०’ असा आहे. लहानपणी आपलेही लैंगिक शोषण झाले होते आणि ज्यूरीच्या बंद खोलीत चर्चा चालू असताना आपण हा अनुभव इतरांना सांगितला, असे त्याने या मुलाखतींत म्हटले. ज्यूरीची निवड होण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेण्यात आली होती. आपण, आपले कुटुंबीय किंवा मित्र यांच्यापैकी कोणी लैंगिक छळाला वा अत्याचाराला बळी पडले आहे काय, असा सरळ प्रश्न तीत होता आणि त्यापुढे या सदस्याने ‘नाही’ अशी खूण केलेली होती.

बचाव पक्षाने साहजिकच नव्याने खटला चालवण्याची मागणी केली. त्या मागणीचे काय झाले ते पुढे येईलच. त्याआधी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. ज्या गुन्ह्याचा खटला चालला आहे, तसाच आघात स्वतः सोसलेला माणूस त्या खटल्यात न्याय देऊ शकतो का? तो देऊ शकतो की नाही, हे ठरवताना त्याच्या स्वतःच्या शब्दावर विसंबायचे, की काही परिस्थिती अशा असतात की तेथे त्याला विचारण्याचेही कारण नाही? अमेरिकी न्यायालये दोन शतकांहून अधिक काळ या प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांनी शोधलेल्या उत्तराला ‘गृहीत पूर्वग्रह’ म्हणता येईल. हे उत्तर अपुरे आणि जागोजागी ठिगळे लावलेले आहे, तरीही ते मला मोलाचे वाटते. ते का, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

अमेरिकेच्या संविधानातील सहावी दुरुस्ती फौजदारी खटल्यातील आरोपीला निःपक्षपाती ज्यूरीचा हक्क देते. ही ज्यूरी सामान्य नागरिकांतून निवडली जाते. समन्स मिळालेले लोक न्यायालयात येतात आणि न्यायाधीश, बहुतेक ठिकाणी वकीलही, त्यांना प्रश्न विचारतात : तुमचा व्यवसाय काय, या पक्षकारांना तुम्ही ओळखता का, तुमच्या घरात कोणी गुन्ह्याला बळी पडले आहे का, कोणी तुरुंगात गेले आहे का. उत्तरे ऐकून वकील दोन प्रकारच्या हरकती घेतात. पहिल्या प्रकारात अमुक व्यक्ती निःपक्षपाती राहू शकत नाही याचे कारण दाखवावे लागते आणि ते न्यायाधीशांना पटावे लागते. अशा हरकतींना संख्येची मर्यादा नाही. दुसऱ्या प्रकारात कारण द्यावे लागत नाही, मात्र अशा हरकती मोजक्याच मिळतात. संघीय न्यायालयात गंभीर गुन्ह्याच्या नेहमीच्या खटल्यात त्या बचाव पक्षाला १० आणि सरकार पक्षाला ६ असतात, आणि मृत्युदंडाची मागणी असेल तर दोघांनाही प्रत्येकी २०.

कारण दाखवून घेतलेल्या हरकतीत पूर्वग्रह दोन वाटांनी सिद्ध होतो. एखादा माणूस ‘पोलिस सांगतात ते खरेच असते’ असे म्हणाला, किंवा त्याच्या बोलण्यावागण्यावरून त्याने आधीच मत बनवले आहे असे दिसले, तर तो प्रत्यक्ष पूर्वग्रह होय. तेथे त्या माणसाच्या मनात खरोखर काय आहे याचा शोध घेतला जातो. गृहीत पूर्वग्रहात मनाचा शोध घेतलाच जात नाही. त्या माणसाचे खटल्याशी असलेले नाते पाहून, अशा जागी सामान्य माणूस तटस्थ राहू शकणार नाही, असे कायदा मानून चालतो. मग त्याने कितीही प्रामाणिकपणे आणि शपथेवर ‘मी निःपक्षपाती राहीन’ असे सांगितले तरी ते सांगणे निकालात मोजले जात नाही. या दोहोंच्या मधली एक तिसरी पायरीही न्यूयॉर्क ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाने १९९७ मध्ये मांडली. पूर्वग्रह मानणे सक्तीचे नाही, पण वस्तुस्थिती पाहता न्यायाधीश तो अनुमानाने ओळखू शकतात, अशी ती पायरी आहे. त्या खटल्यात बँकेने सरकारला कळवू नये म्हणून मोठ्या रोख रकमा तुकड्यातुकड्यांनी भरल्याचा विषय होता, आणि निवडीसाठी आलेल्या एका व्यक्तीने आपणही असे व्यवहार केल्याचे सांगितले होते. न्यायाधीशांनी तिला वगळले आणि वरच्या न्यायालयाने ते योग्य ठरवले.

या विचाराचे मूळ इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आहे. अठराव्या शतकात तेथे पक्षकाराशी नवव्या पिढीपर्यंतचे नाते असलेला माणूस ज्यूरीतून आपोआप बाद होई. नवव्या पिढीचा नातेवाईक म्हणजे ज्याचे तोंडही कधी पाहिलेले नाही असा माणूस, पण रक्ताचे नाते म्हटले की कायदा सावध होत असे. १८०७ मध्ये रिचमंड येथे माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हाच धागा उचलला. नातेवाईक कितीही सांगो की माझ्या मनात काही नाही, तरी कायदा त्याच्यावर विश्वास टाकत नाही, आणि हेच तत्त्व अन्य प्रबळ प्रभावांनाही लागू पडते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. १९०९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, ज्या फौजदारी खटल्यात सरकार पक्षकार आहे तेथे सरकारी नोकर ज्यूरीत बसू शकत नाही, असे ठरवले. आपल्या मनात पूर्वग्रह नाही याची ज्याला पक्की खात्री आहे, त्याच्याही मनात तो असू शकतो, हे निरीक्षण त्या निकालपत्रात आहे. १९३५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून राजधानीतील सरकारी नोकरांना ज्यूरीचे दार उघडले आणि १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. नाती कोणती मोजायची याची रेघ अशी मागेपुढे होत राहिली आहे.

या सगळ्या इतिहासात नाते होते ते रक्ताचे किंवा नोकरीचे. आयुष्यातील अनुभव हे तिसरे नाते त्यात फार उशिरा आले आणि ते अधिक अवघडही आहे, कारण त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ज्यूरीतील एका सदस्याने खटला चालू असतानाच सरकारी वकिलाच्या कार्यालयात नोकरीसाठी अर्ज केला होता. बहुमताने असे ठरले की, अशा वेळी सुनावणी घेऊन प्रत्यक्ष पूर्वग्रह होता का हे तपासणे पुरेसे आहे. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर बहुमताबरोबर होत्या, परंतु त्यांनी वेगळे टिपण जोडले. काही टोकाच्या परिस्थितींत सुनावणी पुरेशी ठरत नाही, असे सांगून त्यांनी तीन उदाहरणे दिली : ज्यूरीचा सदस्य फिर्याद चालवणाऱ्या यंत्रणेचाच नोकर असणे, खटल्यातील किंवा गुन्ह्यातील कोणाचा तरी जवळचा नातेवाईक असणे, आणि त्या गुन्ह्याचा साक्षीदार असणे किंवा त्यात कोणत्याही प्रकारे गुंतलेला असणे. तशाच दुसऱ्या गुन्ह्याचा अनुभव त्यांच्या उदाहरणांत नव्हता. ती जागा खालच्या अपील न्यायालयांनी एकेका खटल्यातून भरली आणि खरा ऐवज तेथेच आहे.

पश्चिम किनाऱ्याच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या (संघीय अपील न्यायालयांच्या प्रादेशिक विभागाला ‘सर्किट’ म्हणतात) अपील न्यायालयापुढे १९७७ मध्ये एका बँक दरोड्याचा खटला आला. लुटल्या गेलेल्या बँकेच्याच दुसऱ्या शाखेत काम करणारे लोक ज्यूरीच्या निवडीसाठी आले होते. आपण निःपक्षपाती राहू, असे त्यांनी सांगितले होते आणि ते खोटे बोलत होते असे कोणी म्हटले नाही. न्यायालयाने तरीही पूर्वग्रह गृहीत धरला, कारण बंदूक रोखून आत येणाऱ्याची धास्ती बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या प्रत्येकाला असतेच. दोन वर्षांनी याच न्यायालयापुढे हेरॉइनचा खटला आला. ज्यूरीतील एका सदस्याचे दोन मुलगे हेरॉइनसंबंधीच्या गुन्ह्यांत तुरुंगात होते आणि निवडीच्या वेळी त्याने ते सांगितले नव्हते. येथेही पूर्वग्रह गृहीत धरला गेला.

या दुसऱ्या खटल्यापाशी थोडे थांबावे लागेल. ज्याचे स्वतःचे मुलगे अशाच आरोपाखाली तुरुंगात आहेत, तो बाप आरोपीकडे सहानुभूतीने पाहील, असे आपल्याला प्रथम वाटते. तसे असेल तर तक्रार सरकार पक्षाने करायला हवी होती. प्रत्यक्षात अपील आरोपीने केले, कारण मुलांचे आयुष्य ज्या विषाने नासले ते विकणाऱ्यांविषयी त्याच बापाच्या मनात आग असणेही तितकेच शक्य आहे. असेच काहीसे १९९१ मधील न्यू मेक्सिकोच्या प्रकरणात दिसते. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव असा होता की, वर्षानुवर्षे मारहाण सोसलेल्या स्त्रीच्या मनःस्थितीत तिच्या हातून ते कृत्य घडले. ज्यूरीतील एक स्त्री त्याच काळात स्वतःच्या घरी मारहाण सोसत होती आणि चौकशीत तिने हे सांगितले नव्हते. ती आरोपीचे दुःख इतरांपेक्षा अधिक जाणेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ‘मीही हेच सोसते आहे आणि मी कोणाचा जीव घेतलेला नाही’ असा विचार तिच्या मनात येणेही अशक्य नव्हते. दहाव्या सर्किटच्या न्यायालयाने आरोपीच्या बाजूने निर्णय दिला. अनुभवाचा ओढा नेमका कोणत्या दिशेला जाईल हे बाहेरून सांगता येत नाही, पुष्कळदा त्या माणसालाही सांगता येत नाही. गृहीत पूर्वग्रहाच्या मागचे सर्वांत भक्कम कारण मला हेच वाटते. कायदा येथे दिशा विचारत नाही. ओढा आहे आणि तो पुराव्याच्या बाहेरचा आहे, एवढे त्याला पुरते.

मग प्रत्येक साम्य असलेला अनुभव माणसाला बाद करतो का? तसे मुळीच नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. १९९० मध्ये याच नवव्या सर्किटने बलात्काराच्या एका खटल्यात उलट निर्णय दिला. ज्यूरीतील एक सदस्य मनोरुग्णांसाठी काम करणारा समाजसेवक होता आणि पूर्वी त्याने व्यवसायाचा भाग म्हणून एका बलात्कारपीडितेला आधार दिला होता व तिच्यासाठी साक्षही दिली होती. न्यायालयाने हा संबंध व्यावसायिक आणि दूरचा मानून पूर्वग्रह गृहीत धरण्यास नकार दिला. २००७ मध्ये याच न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठापुढे आलेले प्रकरण याहून कठीण होते. लॉस एंजेलिसमधील खून, दरोडे आणि बलात्कार अशा आरोपांच्या जुन्या खटल्यात ज्यूरीतील एका माणसाने निवडीच्या वेळी सांगितले होते की, आपल्या पत्नीवर हल्ला झाला होता, तिला मारहाण झाली होती आणि लुटले गेले होते. तिच्यावर बलात्कारही झाला होता, हे मात्र त्या उत्तरात नव्हते. बहुमताने असे ठरवले की, त्याने जे सांगितले ते प्रामाणिकपणे सांगितले होते, बचाव पक्षाच्या वकिलाला पुढचा प्रश्न विचारता आला असता, आणि पीडितेचा पती असणे एवढ्यावरून पूर्वग्रह गृहीत धरता येत नाही.

हा निर्णय काहींना पटणार नाही. मलाही तो वाचताना अस्वस्थ वाटते. पण त्याच्या विरुद्ध टोकाला काय आहे, तेही पाहायला हवे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या किंवा जिवलगांचा तसा अनुभव पाहिलेल्या प्रत्येकाला अशा खटल्यांतून बाद करायचे ठरवले, तर स्त्रियांचा फार मोठा हिस्सा त्या ज्यूरीतून नाहीसा होईल. चोरीच्या खटल्यात ज्याच्या घरी कधी चोरी झालेली नाही तोच माणूस, अपघाताच्या खटल्यात ज्याने कधी अपघात पाहिला नाही तोच माणूस, असे करत गेलो तर ज्यांच्या आयुष्यात काही घडलेलेच नाही अशांची ज्यूरी उरेल. समाजाच्या वतीने न्याय देण्यासाठी समाजातील माणसे बसवायची, हा ज्यूरीचा सारा हेतूच त्यात हरवतो. ज्यांच्या वस्त्यांमध्ये गुन्हे अधिक घडतात त्या गरीब आणि कृष्णवर्णीय लोकांना तर ज्यूरीत जागाच मिळणार नाही. म्हणून गृहीत पूर्वग्रह हे हत्यार क्वचित उपसायचे आहे, असे न्यायालये पुन्हा पुन्हा बजावतात आणि ते योग्यच आहे.

क्वचित म्हणजे केव्हा, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला २००० सालच्या नवव्या सर्किटच्या एका निकालात दिसते. कोकेनच्या विक्रीचा खटला होता. निवडीच्या वेळी एका स्त्रीने स्वतःहून सांगितले की, आपला पूर्वीचा नवरा, आपल्या मुलीचा बाप, कोकेन घेई आणि विकत असे, आणि संसार मोडण्याचे तेही एक कारण होते. ते फार दुःखद होते, असे ती म्हणाली. हा अनुभव बाजूला ठेवून निःपक्षपाती राहता येईल का, असे न्यायाधीशांनी तिला एकदा नव्हे, तीनदा विचारले. तिन्ही वेळा तिच्याकडून ‘हो’ असे ठाम उत्तर आले नाही. प्रयत्न करीन, अशाच अर्थाचे ती बोलत राहिली. खालच्या न्यायालयाने तिला ज्यूरीत ठेवले आणि आरोपीला शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती रद्द केली. ही स्त्री खोटे बोलली नव्हती, तिने काही लपवले नव्हते, उलट तिने शक्य तेवढे खरे सांगितले होते. आरोपी जे करत होता असा आरोप होता, तेच करणाऱ्या माणसामुळे तिचे घर मोडले होते, जखम स्वतःची होती, आणि तिला स्वतःलाच स्वतःची खात्री नव्हती. हे सारे एकत्र आल्यावर पूर्वग्रह गृहीत धरणे भाग होते.

अशा निकालांतून न्यायालये कशाकडे पाहतात ते हळूहळू उलगडते. अनुभव स्वतःचा आहे, घरच्यांचा आहे की कामाच्या निमित्ताने आलेला आहे. तो खटल्यातील घटनेशी वरवर मिळताजुळता आहे की गाभ्याशी. जखम ताजी आहे की जुनी. आणि त्या व्यक्तीने तो अनुभव सांगितला की दडवला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र गृहीत पूर्वग्रहाची कारणे यादी करून दिली आहेत आणि याव्यतिरिक्त अन्य कारण चालणार नाही, असेही लिहिले आहे. रक्ताचे नाते तेथे नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंत मोजले जाते. यादीने शिस्त येते हे खरे, पण माणसाच्या आयुष्यात काय घडू शकते याची यादी करता येत नाही.

दडवण्याचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहावा लागतो. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी एक कसोटी घालून दिली. गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडून जखमी झालेल्या एका मुलाच्या वतीने यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावलेला होता. घरात कोणाला गंभीर दुखापत होऊन अपंगत्व किंवा दीर्घकाळ वेदना सोसाव्या लागल्या आहेत का, या प्रश्नावर ज्यूरीतील एक सदस्य गप्प राहिला होता, आणि नंतर असे कळले की टायर फुटून त्याच्या मुलाचा पाय मोडला होता. मोडलेला पाय म्हणजे ‘तसली’ दुखापत, असे त्या माणसाला वाटलेच नव्हते. न्यायालयाने म्हटले की, नवा खटला हवा असेल तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील : त्या व्यक्तीने महत्त्वाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले नाही, आणि खरे उत्तर दिले असते तर कारण दाखवून घेतलेली हरकत मान्य झाली असती. प्रामाणिक गैरसमज पहिल्याच पायरीवर अडतो.

या कसोटीवर उतरलेली प्रकरणे थोडी आहेत. कॅलिफोर्नियातील मृत्युदंडाच्या एका खटल्यात, नातेवाइकांपैकी कोणी गुन्ह्याला बळी पडले आहे का, या प्रश्नाला एका स्त्रीने ‘नाही’ म्हटले होते. तिच्या भावाचा काही वर्षांपूर्वी खून झाला होता. तो अपघात होता असे मला वाटत होते, हा तिचा खुलासा १९९८ मध्ये नवव्या सर्किटने स्वीकारला नाही. ज्यूरीत बसण्यासाठी जो खोटे बोलतो, त्याला तेथे बसण्यात काहीतरी विशेष रस आहे आणि असा रस हाच धोक्याचा आहे, असा त्या न्यायालयाचा तर्क होता. मॅसॅच्युसेट्समधील गॅरी सॅम्पसन याच्या प्रकरणात २००३ मध्ये ज्यूरीने मृत्युदंड ठोठावला होता. एका स्त्री सदस्याने नवऱ्याने बंदुकीचा धाक दाखवल्याची घटना आणि मुलीचे व्यसन व तुरुंगवास लपवल्याचे पुढे उघड झाले. २०११ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या स्त्रीला इतरांपुढे हे आयुष्य उघडे करणे असह्य होते. तिच्याविषयी मला राग येत नाही. पण शिक्षेची सुनावणी पुन्हा घ्यावी लागली आणि मारल्या गेलेल्या माणसांच्या घरच्यांना ते सारे पुन्हा ऐकावे लागले. २०१७ मध्ये नव्या ज्यूरीनेही मृत्युदंडच दिला.

मॅक्सवेल प्रकरण या रेषेच्या अलीकडे राहिले. ८ मार्च २०२२ रोजी न्यायाधीश अ‍ॅलिसन नेथन यांनी ‘ज्यूरर ५०’ला शपथेवर उभे केले. स्वतःविरुद्ध बोलावे लागू नये हा हक्क त्याने आधी पुढे केला होता, म्हणून त्याच्या साक्षीचा वापर त्याच्याविरुद्ध होणार नाही असे संरक्षण त्याला देण्यात आले. आपण प्रश्नावली घाईघाईने भरली आणि ती मोठी चूक होती, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांना तो खरे बोलतो आहे असे वाटले. त्याने हे मुद्दाम केले नव्हते, आणि खरे उत्तर दिले असते तरी त्याला कारण दाखवून बाद करता आले नसते, कारण असे अनुभव नोंदवलेल्या इतर काही जणांना निःपक्षपातीपणाची ग्वाही दिल्यावर बचाव पक्षानेही हरकत घेतलेली नव्हती. नव्या खटल्याची मागणी १ एप्रिलला फेटाळली गेली आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही ते मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत आहे. माझी शंका एकाच गोष्टीबद्दल आहे : मुलाखतीत अभिमानाने सांगण्याइतका महत्त्वाचा अनुभव प्रश्नावलीत नजरेआड झाला, ही गोष्ट निकालात जेवढी सहज स्वीकारली गेली तेवढी ती सहज वाटत नाही.

अनुभव नेहमी खटल्यापूर्वीचाच असतो असेही नाही. इलिनॉयमधून आलेल्या एका प्रकरणात चोरीसाठी घरात शिरून केलेल्या खुनाचा खटला होता. ज्यूरीला हॉटेलात ठेवले होते आणि निर्णयाची चर्चा चालू असताना त्यांच्यापैकी काहींच्या खोल्यांतच चोरी झाली. त्यानंतर दोघांनी आपले मत बदलून आरोपीला दोषी ठरवले. १९९२ मध्ये सातव्या सर्किटने येथे पूर्वग्रह गृहीत धरला. त्या माणसांना काय वाटले असेल हे समजायला कायद्याचे शिक्षण लागत नाही.

या साऱ्या व्यवस्थेत एक बंद दार आहे. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले याविषयी ज्यूरीतील कोणाचीही साक्ष निकाल उलटवण्यासाठी सहसा घेता येत नाही. साउथ डकोटातील एका अपघाताच्या दाव्यात ज्यूरीच्या प्रमुख स्त्रीने चर्चेत सांगितले होते की, आपल्या मुलीच्या चुकीने झालेल्या अपघातात एक माणूस दगावला होता आणि तिच्यावर दावा झाला असता तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले असते. अपघातात पाय गमावलेला वादी हरला. दुसऱ्या एका सदस्याने हे बोलणे प्रतिज्ञापत्रावर सांगितले, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते पुरावा म्हणून नाकारले. वंशद्वेष उघडपणे बोलून दाखवला गेला असेल, तर २०१७ पासून या नियमाला अपवाद आहे. वैयक्तिक अनुभवाला असा अपवाद नाही. चर्चा मोकळेपणाने व्हावी म्हणून दार बंद हवे हे मला पटते, पण मग सारा भार निवडीच्या वेळच्या प्रश्नोत्तरांवर येतो, आणि तेथे वेळ वाचवण्याची घाई करणे महागात पडते.

भारतात १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरी संपली. ज्यूरीसारखी व्यवस्था उरली आहे ती पारशी विवाह न्यायालयांत, जेथे न्यायाधीशांबरोबर समाजाचे पाच प्रतिनिधी बसतात. ज्यूरी होती त्या काळातील एक प्रसंग मराठी माणसाला विसरता येणार नाही. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या खास ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि निर्णय देणारे ते भाषांतरावरून वाचणारे. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. सरकारच्या विरोधात लिहिल्याचा आरोप, आणि न्याय देणाऱ्यांत बहुसंख्य राज्यकर्त्या समाजाचे; रक्ताच्या नात्याची नववी पिढी मोजणाऱ्या कायद्याला हे नाते मात्र मोजावेसे वाटले नाही.

ज्यूरी गेली तरी विचार गेला नाही. तो आपल्याकडे न्यायाधीश आणि चौकशी अधिकारी यांच्या बाबतीत जिवंत आहे. १९५७ मध्ये राजस्थानातील एका वकिलाच्या शिस्तभंग चौकशीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. चौकशी मंडळाचे अध्यक्ष पूर्वी कधीतरी तक्रारदाराच्या वतीने न्यायालयात उभे राहिले होते. त्यांना ते आठवतही नसेल, असे न्यायालयाने गृहीत धरले. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तरीही स्पष्ट केले की, पूर्वग्रहाचा निर्णयावर खरोखर परिणाम झाला का हा प्रश्नच नाही; समोरच्या पक्षकाराला तशी वाजवी भीती वाटू शकते का, एवढाच प्रश्न आहे. त्या वकिलाला शेवटी दिलासा मिळाला नाही, कारण त्याने ही हरकत वेळेवर घेतली नव्हती.

अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या दारात आता ज्यूरीची समन्से येतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला ते कर्तव्य सहसा टाळता येत नाही. आपल्याकडे घरातली मारहाण, घरातल्या कोणाचे व्यसन, लहानपणी झालेला अत्याचार या गोष्टी चारचौघांत बोलण्याच्या मानल्या जात नाहीत, आणि प्रश्नावलीतल्या त्या चौकटीसमोर ‘नाही’ लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. अशांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. अत्यंत खाजगी विषयावर भरन्यायालयात बोलणे शक्य नसेल तर ज्यूरीसाठी बोलावलेली व्यक्ती न्यायाधीशांशी एकांतात, दोन्ही बाजूंचे वकील उपस्थित असताना, बोलण्याची विनंती करू शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच दुसऱ्या एका प्रकरणात ही सोय सांगितली आणि ती समजावताना घेतलेले उदाहरण बलात्काराच्या खटल्यासाठी बोलावलेल्या अशा स्त्रीचे होते, जिने स्वतःवरील किंवा घरातील कोणावरील बलात्काराची तक्रार लाजेपोटी कधीच केली नव्हती. प्रश्नावलीत ‘होय’ लिहून त्यापुढे ‘याविषयी मला न्यायाधीशांशी एकांतात बोलायचे आहे’ एवढे लिहिले तरी पुरते.